टेक एथिक्स करू की फिलॉसॉफी ऑफ सायन्स? आधी त्या मीटिंगचं बोलू

पत्राचा गोषवारा: लिहिणारी २९ वर्षांची, मूळची सांगली जिल्ह्यातली. इंजिनिअरिंग झाल्यावर सहा वर्षं पुण्यात डेटा सायन्सची नोकरी करतेय, कंपनी छोट्या कर्जांसाठी स्कोअर काढणारं मॉडेल बनवते. नोकरी सांभाळून बाहेरून तत्त्वज्ञानात एमए केलं, फर्स्ट क्लास मिळाला. आता राजीनामा देऊन पूर्णवेळ पीएचडी करायचीय. विज्ञानाचं तत्त्वज्ञान, म्हणजे पुरावा, अनुमान, वैज्ञानिक तर्क वगैरे, मनापासून आवडतं, पण जो तो सांगतो की एआयमुळे मागणी टेक एथिक्सला, म्हणजे तंत्रज्ञानाच्या नीतिशास्त्राला, आहे. एक सर म्हणाले, टेक एथिक्स ही फिलॉसॉफीच नव्हे, फॅशन आहे. वडील विचारतात, तत्त्वज्ञानाने पोट भरतं का? नवरा पाठीशी आहे पण फ्लॅटचा हप्ता चालू आहे. 'मॅडम, रोज वाटतं मी चुकीच्या बाजूला बसलेय,' असं तिने लिहिलंय.

अगं, तुझं पत्र चार पानी आहे आणि त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू तिसऱ्या पानावर कंसात टाकलंयस. '(गेल्या महिन्यात मीटिंगमध्ये कर्जासाठीचा कट-ऑफ स्कोअर ६२० वरून ६४० केला, वीस मिनिटांत झालं, मग सगळे जेवायला गेलो.)' बाकी सगळं पत्र करिअरचं आहे, तत्त्वज्ञान त्या एका वाक्यात आहे. म्हणून मी आधी त्याच्यावरच बोलणार, तुझा पीएचडीचा प्रश्न त्यातनंच सुटेल असं मला वाटतं, निदान अर्धा तरी.

६२० आणि ६४० च्या मधे स्कोअर असलेली, म्हणजे त्या दिवसापासून कर्ज नाकारलं गेलेली जी माणसं होती, कुणी रिक्षाचे दोन हप्ते थकवलेला, कुणी शिलाई मशीनसाठी तीस हजार मागणारी, ती सगळी कर्ज बुडवतील असं तुमचं मॉडेल म्हणतच नव्हतं. ते एवढंच म्हणत होतं की या पट्ट्यात बुडवणाऱ्यांचं प्रमाण जरा जास्त आहे. आता चूक दोन तऱ्हेची होऊ शकते, बुडवणाऱ्याला कर्ज दिलं ही एक आणि फेडणाऱ्याला नाकारलं ही दुसरी, आणि रेघ वर सरकवली की पहिली कमी होते, दुसरी वाढते. रेघ कुठे ओढली तर साधारण किती चुका होतील याचा अंदाज डेटा देईल. पण कुठली चूक जास्त वाईट आणि कुणासाठी वाईट, हे कुठल्या कॉलममध्ये असतं? ते त्या वीस मिनिटांत कुणीतरी ठरवलं आणि त्याला 'बिझनेस कॉल' म्हणून मोकळे झाले.

याच्याही पुढची गोम अशी की ज्यांना नाकारलं त्यांनी पैसे फेडले असते का हे तुम्हाला कधी कळणारच नाही, कारण त्यांना पैसे दिलेच नाहीत. म्हणजे पहिली चूक डॅशबोर्डवर लाल रंगात दिसते आणि दुसरी कुठेच दिसत नाही, आणि पुढच्या वर्षी मॉडेल पुन्हा ट्रेन करणार ते ज्यांना दिलं त्यांच्याच डेटावर. नाकारलेल्यांनी फेडलं असतं का याचा अंदाज बांधण्याला तुमच्या धंद्यात रिजेक्ट इन्फरन्स म्हणतात ना, तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. आता मला सांग, हा प्रश्न वैज्ञानिक तर्काचा की नीतीचा? अपुऱ्या पुराव्यावरून अनुमान काढणं म्हणून बघितलंस तर पहिला, आणि त्या शिलाई मशीनवालीच्या बाजूने बघितलंस तर दुसरा. प्रश्न तोच आहे गं.

तर हे तुझं पहिलं गृहीतक, की हे दोन रस्ते आहेत आणि चौकात उभं राहून एक निवडायचाय. १९५३ मध्ये रिचर्ड रुडनर नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञाने एक छोटासा लेख लिहिला होता, मुद्दा एकदम साधा, कुठलीच गोष्ट शंभर टक्के सिद्ध होत नसते तर 'आता पुरावा पुरे झाला' असं वैज्ञानिक कधी म्हणतो? चूक झाली तर किती महागात पडेल त्यावर. औषधात जीवघेणं विष नाही ना हे बघताना जेवढी खात्री लागते तेवढी पट्ट्याच्या बकलांचा लॉट तपासताना लागत नाही. बकलांचं उदाहरण त्याचंच आहे, मला फार आवडतं.

हाच धागा पुढे हेदर डग्लसने उचलला आणि तू करिअर म्हणून कुणाकडे बघायचंच असेल तर तिच्याकडे बघ. पिट्सबर्गला विज्ञानाच्या इतिहास आणि तत्त्वज्ञानात पीएचडी, म्हणजे पक्की 'सायन्सवाली'. २००० साली तिचा लेख आला त्यात उंदरांच्या लिव्हरच्या स्लाइड्स आहेत. डायॉक्सिन नावाचं विषारी रसायन खाऊ घातलेले उंदीर, प्रयोग १९७८ चा, आणि त्याच स्लाइड्स १९८० मध्ये आणि १९९० मध्ये वेगवेगळ्या तज्ज्ञांनी पुन्हा पाहिल्या आणि कॅन्सर झालेल्या उंदरांचा आकडा वेगवेगळा आला. स्लाइड त्याच! कारण काही स्लाइड्स काठावरच्या असतात, ही गाठ कॅन्सरची म्हणायची की नाही हे बघणाऱ्याला ठरवावं लागतं, आणि शंका असताना कुठल्या बाजूला झुकायचं यावर शेवटी माणसांसाठी सुरक्षित पातळी किती ते ठरतं. डग्लसचं म्हणणं असं की मूल्यं विज्ञानात शेवटी रिपोर्ट छापताना येतात हा गैरसमज आहे, ती मायक्रोस्कोपला डोळा लावतानाच आलेली असतात. २००९ मध्ये तिचं याच विषयावरचं पुस्तक आलं आणि आज त्याच्याशिवाय या क्षेत्रात पान हलत नाही. आता तिचं काम एथिक्स की सायन्स, ठरव तूच. तुझी काठावरची स्लाइड म्हणजे ६३० स्कोअरवाला माणूस.

आता तुझ्या सरांचं. त्यांचं अर्धं खरं आहे, आणि हे मी त्यांना खूश करायला म्हणत नाहीये. एआय एथिक्सच्या नावाखाली निष्पक्षता, पारदर्शकता, उत्तरदायित्व असे चार जड शब्द एकाखाली एक लिहायचे आणि कॉन्फरन्सला जाऊन यायचं, असलं बरंच चालतं. कंपन्यांनाही ते सोयीचं असतं. मार्च २०१९ च्या शेवटी गूगलने बाहेरच्या तज्ज्ञांची एक समिती जाहीर केली एआयच्या नीतीवर सल्ला द्यायला, लुचानो फ्लोरिडीसारखा नावाजलेला तत्त्वज्ञ त्यात होता, आणि एका सदस्येच्या नेमणुकीवरून एवढा गदारोळ झाला की दहा दिवसांच्या आत समितीच गुंडाळली. तेव्हा 'मागणी आहे' म्हणून जाणार असशील तर ही मागणी कशी असते तेही बघून जा.

पण उरलेलं अर्धं चूक आहे, आणि ते मला फार उशिरा कळलं. मी तर्कशास्त्र वीस-बावीस वर्षं शिकवलं. जिथे धूर तिथे अग्नी हे बरोबर, पण जिथे अग्नी तिथे धूर हे चूक, कारण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो, धूर यायला ओलं सरपण लागतं. त्या ओल्या सरपणाला, म्हणजे न सांगितलेल्या मधल्या अटीला, न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, उपाधी म्हणतात. मी फळ्यावर लिहायचे, पोरं वहीत उतरवायची, परीक्षेला पाच मार्काला टीप यायची, संपलं. मग एक दिवस एका विद्यार्थ्याने मला न्यूमोनियाच्या मॉडेलचा किस्सा सांगितला, रिच करुआना हा संगणकशास्त्रज्ञ आणि मंडळींनी २०१५ च्या पेपरमध्ये दिलाय तो. न्यूमोनियाच्या पेशंटपैकी कुणाला जास्त धोका आहे हे शिकायला मॉडेलला हॉस्पिटलचा डेटा दिला, आणि ते शिकलं काय, तर दमा असलेल्यांना मरणाचा धोका कमी! म्हणजे त्याच्या सल्ल्याने चाललं तर दमेकऱ्याला घरी पाठवायचं. प्रत्यक्षात काय व्हायचं की दम्याचा पेशंट न्यूमोनिया घेऊन आला की डॉक्टर घाबरून त्याला थेट आयसीयूत टाकायचे, तिथे जिवापाड काळजी घेतली जायची, म्हणून ते वाचायचे. मी ऐकता ऐकता म्हणाले, अरे, आयसीयू म्हणजे ओलं सरपण! पोरगं माझ्याकडे बघतच राहिलं. वीस वर्षं मी जे पाच मार्काला शिकवलं त्याच्यावर माणसाचा जीव अडकलेला असू शकतो हे मला रिटायरमेंटच्या तोंडावर कळलं. ज्याला उपाधी कळली नाही त्याने एआयच्या नीतीवर बोलू नये आणि ज्याला दमेकरी दिसला नाही त्याने उपाधी शिकवू नये, असं माझं आताशा मत झालंय, जरा टोकाचं आहे, असू दे.

आता 'चुकीच्या बाजूला बसलेय' हे. विद्यापीठ ही बरोबर बाजू, हे तुला कुणी सांगितलं? मी नऊ वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर काढली, एका तालुक्याच्या गावी, कॉलेजचं नाव राहू दे. तासाला मोजून पैसे, तेही सहा-सहा महिने थकलेले, मे महिन्यात शून्य, आणि दर जूनला वर्कलोड बसतो का बघायला प्राचार्यांच्या केबिनबाहेर बाकावर. विषयाला विद्यार्थी कमी म्हणून तत्त्वज्ञानाची जागा गेली की परत येत नाही. कायम झालीस तर असिस्टंट प्रोफेसरचं सातव्या वेतन आयोगाचं बेसिक ५७,७०० पासून सुरू होतं, ते बरंय, पण 'झालीस तर' हे दोन शब्द मोठे आहेत, आणि खाजगी संस्थेत मुलाखतीआधी काय काय विचारतात ते मी इथे लिहीत नाही, महाराष्ट्रात सगळ्यांना माहितेय. तेव्हा वडिलांचा प्रश्न टोमणा म्हणून घेऊ नकोस. तो हिशेबाचा प्रश्न आहे, त्याला हिशेबानेच उत्तर दे.

आणि दुसरं, विद्यापीठात गेल्यावर त्या मीटिंगला तू नसशील. कट-ऑफ कसा सरकतो, कोण काय बोलतं, कोण गप्प बसतं, हे तुला आज आतून दिसतं आणि टेक एथिक्सवर लिहिणाऱ्या कितीतरी लोकांना ते आयुष्यात दिसलेलं नसतं. मी तुला तिथेच राहा म्हणत नाहीये हं, मन उडालेल्या नोकरीत माणूस कडू होतो. पण घाण सोडून देवळात चाललेय अशा भावनेने निघालीस तर पहिल्याच वर्षी खडा लागेल.

मग करायचं काय? या वर्षी राजीनामा देऊ नकोस, हे माझं स्पष्ट मत. आधी तत्त्वज्ञान विषयातून नेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, दे. २०२४ पासून पीएचडीच्या प्रवेशालाही नेटचा स्कोअर धरतात, त्यामुळे तो पेपर तसाही उपयोगी पडेल. जेआरएफला, म्हणजे नेटमधून मिळणाऱ्या संशोधनाच्या शिष्यवृत्तीला, वयाची अट ३० आहे आणि तू २९ ची म्हणून तुझ्या पत्रात जी घाई दिसतेय तिचं कारण बहुतेक हेच, पण बायकांना त्यात पाच वर्षांची सवलत आहे, तेव्हा शांत हो. जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर ४२,०००, वर घरभाडं. नेटबरोबर सेट ही राज्याची पात्रता परीक्षाही दे, पुणे विद्यापीठ घेतं ती, महाराष्ट्र आणि गोव्यात चालते. फ्लॅटचा हप्ता किती आहे ते तू लिहिलं नाहीस, तो या ३७ हजारांशेजारी कागदावर लिही आणि नवऱ्यासोबत बसून बघ, पाठीशी असणं म्हणजे काय ते त्या कागदावर कळेल.

जेआरएफ नाही मिळाली तर पार्टटाइम पीएचडी हा मार्ग यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या नियमांत उघडा आहे, ऑफिसची एनओसी लागते. किमान तीन वर्षं, कमाल सहा, बायकांना आणखी दोन मिळू शकतात. इथे एक सावधगिरी, कंपनीचा डेटा, ते ६२०-६४० चे आकडे, मीटिंगचे मेल, यातलं काहीही थिसिसमध्ये वापरायचं नाही, तू जॉइन होताना कशावर सह्या केल्यात ते काढून वाच. त्याची गरजही नाहीये. जर्मन क्रेडिट नावाचा हजार कर्जदारांचा जुना डेटासेट सगळ्यांना खुला आहे, तोच प्रश्न त्याच्यावर मांडता येतो.

डिपार्टमेंटपेक्षा गाइड बघ. पुणे आणि मुंबई विद्यापीठाचे विभाग आहेत, आयआयटी मुंबई, दिल्ली, कानपूर इथल्या ह्युमॅनिटीज विभागांत तत्त्वज्ञान आहे, आणि इंजिनिअरिंगवाल्या माणसाला तिथे उपरं वाटत नाही. गाइडने गेल्या पाच वर्षांत काय लिहिलंय ते वाच, आणि त्याचे जुने विद्यार्थी शोधून फोन कर, एक फोन दहा वेबसाइटींच्या बरोबर. पैसे घेऊन आठ दिवसांत पेपर छापणाऱ्यांपासून लांब राहा, यूजीसीची मान्य नियतकालिकांची केअर यादी २०२५ मध्ये बंद झाल्यापासून बरंवाईट ओळखायचं काम ज्याचं त्यालाच करावं लागतंय.

परदेशाचा विचार असेल तर अमेरिकेआधी नेदरलँड्स बघ. डेल्फ्ट, आइंडहोव्हन, ट्वेंटे, ही सगळी टेक्निकल विद्यापीठं, आणि तिथे तंत्रज्ञानाच्या नीतीवर गंभीर काम चालतं. तिथली पीएचडी म्हणजे बहुतेक वेळा चार वर्षांची पगारी नोकरी, तिची जाहिरात येते, आपण अर्ज करायचा. ट्वेंटेला दोन वर्षांचं मास्टर्स आहे, विज्ञान, तंत्रज्ञान आणि समाज यांच्या तत्त्वज्ञानाचं, पण त्याची फी आपल्या खिशातून, त्यामुळे कर्ज काढून ते करण्याआधी दहादा विचार कर.

आणि तिथे जाताना त्यांचेच विषय घेऊन जाऊ नकोस. पीटर-पॉल व्हर्बीक हा डच तत्त्वज्ञ ट्वेंटेला बरीच वर्षं होता, त्याचं सोनोग्राफीवरचं विवेचन प्रसिद्ध आहे, की मशीन पोटातलं बाळ नुसतं दाखवत नाही, ते त्याला 'पेशंट' बनवतं आणि आईबापांना निर्णय घ्यायला लावतं. बरोबरच आहे. पण सोनोग्राफीबद्दल सांगलीच्या मुलीला जे माहितेय ते डच माणसाला कुठून असणार? 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटी तू लहानपणापासून दवाखान्यांच्या भिंतीवर वाचलीयेस. आपल्याकडे १९८८ मध्ये राज्याचा कायदा झाला, देशात पहिला, मग १९९४ मध्ये केंद्राचा. प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीला एफ फॉर्म भरायचा. तरी २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८९४ मुली निघाल्या, त्याच्या दहा वर्षं आधी ९१३ होत्या. आणि शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात तर सोनोग्राफी मशीनलाच 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाचं यंत्र बसवलं, मशीनवर काय बघितलं गेलं त्याची नोंद ठेवायला. यंत्रावर पाळत ठेवायला दुसरं यंत्र! त्यात बाईच्या खाजगीपणाचं काय, डॉक्टरवरच्या विश्वासाचं काय, आणि पुरावा म्हणून त्या रेकॉर्डिंगवरून नक्की काय सिद्ध होतं? तुझे दोन्ही विषय आले बघ यात. असा प्रश्न घेऊन तू डेल्फ्टच्या मुलाखतीला गेलीस तर तुला ऐकून घेतील.

तुझ्यासारखी अजून तीन पत्रं माझ्याकडे पडलीयेत, एक बायोटेकमधला मुलगा, एक नर्सिंग कॉलेजची शिक्षिका, एक पाटबंधारे खात्यातला इंजिनिअर, सगळ्यांना तत्त्वज्ञानात जायचंय आणि सगळ्यांनी विचारलंय की विषय कुठला घेऊ. त्यांनीही आपापली मीटिंग शोधावी. इंजिनिअर साहेबांची तर मला दिसतेच आहे, धरणाचे दरवाजे किती पाऊस झाला की उघडायचे, खालच्या गावांना सांगून की न सांगता.

तुला मात्र गृहपाठ देते. त्या वीस मिनिटांचं एक पान लिही, नावं आणि खरे आकडे गाळून. कोण आधी बोललं, '६४०' हा आकडाच का, '६३५' का नाही, कुणी विचारलं का, तू स्वतः काय बोललीस. शेवटचं टाळू नकोस. मराठीत लिही, इंग्रजीत तू लगेच कॉर्पोरेट होतेस, पत्रातही दोन ठिकाणी झालीयेस. ते पान वाढून लेख झाला तर पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाचं 'परामर्श' म्हणून मराठी नियतकालिक आहे, तिकडे पाठवायचा विचार कर. परामर्श हा शब्दही अनुमानातलाच आहे, डोंगरावर दिसणारा हा धूर अग्नीशिवाय नसणारा धूर आहे असं लक्षात येतं त्या पायरीला म्हणतात.

पान झालं की मला पाठव, मी लाल पेन घेऊन बसते. आणि नेटचा फॉर्म वर्षातून दोनदा निघतो, शेवटच्या दिवशी साइट बसते, तेव्हा आधीच भर, गुणपत्रिकेवरचं आणि आधारवरचं नाव एकच आहे ना तेवढं बघ, लग्नानंतर बदललं असशील तर तिथेच अडतं.